आमची वाटचाल: हाताने रंगवलेली निसर्गछायाचित्रे

आमची सुरुवात फोटो फ्रेम करण्यापासून झाली. पुढे जुन्या रंगवलेल्या फोटोंची डागडुजी आली आणि आज सह्याद्रीच्या कृष्णधवल छायाचित्रांवर हाताने रंग चढवणं हेच आमचं मुख्य काम आहे. कामाची घडी बसवताना आम्ही अभ्यास केला तो अमेरिकेतल्या वॉलेस नटिंग यांच्या छायाचित्रं रंगवण्याच्या कारखान्याचा.

नटिंग (१८६१–१९४१) मूळचे धर्मोपदेशक. प्रकृतीमुळे १९०४ मध्ये ते काम सोडून त्यांनी न्यूयॉर्कला स्टुडिओ काढला. तिथून कनेक्टिकटमधलं साउथबरी आणि १९१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधलं फ्रेमिंगहॅम. बर्चची झाडं, ओढे, फुललेल्या सफरचंदाच्या बागा, गावाकडच्या वाटा हे त्यांचे आवडते विषय. भरभराटीच्या काळात त्यांच्याकडे शंभरावर कामगार रंग भरत, त्यात बहुतेक स्त्रिया. नटिंग यांनी पसंत केलेला रंगीत नमुना समोर ठेवून बाकीच्या प्रती रंगवल्या जात. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं त्यांचं नावही पुष्कळदा रंगवणारीच्याच हातचं असे. आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण या नमुन्याच्या पद्धतीत आहे. आमच्याकडेही प्रत्येक निगेटिव्हचा एक नमुना असतो आणि त्याच्या पाठीवर रंगांचा क्रम लिहिलेला असतो.

त्यांचे रंग मात्र आम्ही घेतले नाहीत. ते प्लॅटिनम कागदावर (ज्यात प्रतिमा चांदीऐवजी प्लॅटिनमची असते) छापून जलरंग वापरत. त्या कागदावर जिलेटिनचा थर नसतो, प्रतिमा थेट कागदाच्या धाग्यांत असते, म्हणून तिथे जलरंग छान मुरतो. आमच्या फायबर कागदावर (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या फोटोकागदावर) जिलेटिनचा थर असतो. त्यावर जलरंग क्षणात शोषला जाऊन डाग धरतो आणि काढता येत नाही. म्हणून आम्ही पातळ तैलरंग वापरतो, ते पुसून दुरुस्त करता येतात. कागद मॅटच लागतो. चकचकीत किंवा प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर रंग धरत नाही.

प्रिंटमधल्या सावल्या उघड्या ठेवाव्या लागतात, कारण गडद काळ्यावर हिरवा बसवला की तो मळकट दिसतो. त्यासाठी आधी सेपिया टोनिंग. पोटॅशियम फेरीसायनाइड आणि ब्रोमाइडच्या द्रावणात प्रतिमा फिकी करायची, पिवळेपणा जाईपर्यंत धुवायची, मग सोडियम सल्फाइडमध्ये तपकिरी करायची. सल्फाइडचा वायू विषारी असतो आणि कोऱ्या फोटोकागदालाही खराब करतो. हे काम डार्करूममध्ये नको, हवेशीर जागेतच हवं. पाण्याची लोखंडी पाइप गंजलेली असेल तर फेरीसायनाइडमुळे प्रिंटवर निळे ठिपके उठतात. नळाला बारीक फिल्टर लावणं हा साधा उपाय.

रंगाची सुरुवात आकाशापासून. कापसाच्या बोळ्याने रंग लावून कोरड्या कापसाने क्षितिजाकडे फिका करत न्यायचा. मग दूरचे डोंगर, किंचित निळसर. जवळची झाडी सगळ्यात शेवटी. ट्यूबमधला हिरवा कधीच तसाच वापरू नये, त्यात पिवळा आणि थोडा तपकिरी मिसळला तरच तो सह्याद्रीतला वाटतो. बारीक जागांसाठी काडीला गुंडाळलेला कापूस. पाण्यावरची चमक रंगाने काढायची नसते. तिथला रंग टर्पेंटाइनने पुसून खालचा कागद उघडा करायचा.

डागडुजीला आलेला फोटो आधी भिंगाखाली जातो. छपाईचे ठिपके दिसले तर तो हाताने रंगवलेला नाही, हे ग्राहकाला तेव्हाच सांगतो. जलरंगाच्या जुन्या कामाचं सगळ्यात मोठं नुकसान काच पुसताना होतं: फवारलेलं पाणी फ्रेमच्या कडेतून आत उतरतं आणि रंग ओघळतो. फडका ओला करून काच पुसावी, फवारा थेट मारू नये. मागचा पुठ्ठा आम्लयुक्त असेल तर कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. तो आम्ही बदलतो आणि फोटो खळीने चिकटवलेल्या पातळ कागदी बिजागऱ्यांनी नव्या माउंटवर बसवतो. चिकटपट्टी अजिबात नाही.

आमचा नवा प्रिंट रंग पूर्ण वाळल्याशिवाय काचेखाली जात नाही. एरवी त्याला काही दिवस पुरतात, पावसाळ्यात जास्त लागतात. काच आणि प्रिंट यांत माउंटच्या जाडीइतकं अंतर राहिलंच पाहिजे, नाहीतर दमट हवेत जिलेटिन काचेला चिकटतं आणि सोडवताना प्रतिमेचा थर निघून येतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या ऑर्डरींना आम्ही मुदत वाढवूनच घेतो.