गॅदरिंगच्या रात्रीची झडती: माझा अनुभव

गॅदरिंगच्या दिवसांत, दारूच्या झडतीत सापडलेल्या कॉलेजच्या पोरांसोबत वकील म्हणून पोलीस ठाण्यात बसणं मला नवीन नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वॉरंट नव्हतं, मग केस टिकेल कशी?" टिकते. झडतीत चूक झाली एवढ्यावरून सापडलेली बाटली पुराव्यातून बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच पूरणमल प्रकरणात हे सांगून ठेवलंय. म्हणून मी सांगतो, पोलिसांशी हुज्जत घालू नका, कागदावर काय उतरतंय ते बघा.

आधी वय. महाराष्ट्रात बिअरसाठी 21, व्हिस्की-रमसाठी 25, आणि वर पिण्याचा परवाना. बावीस वर्षांच्या मुलाच्या बॅगेत रमची क्वार्टर सापडली तर आधार कार्ड दाखवून सुटका नाही. वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे.

वसतिगृहाच्या खोलीची विनावॉरंट झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने आधी कारणं लिहायला हवीत. दोन स्वतंत्र पंच हवेत, आणि 1 जुलै 2024 पासून मोबाइलवर का होईना, चित्रीकरणही हवं. जप्तीच्या यादीची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. घोळ होतो तो याच यादीत. "खोलीतून विदेशी दारूची बाटली जप्त" एवढंच लिहिलं की तिघे रूममेट एका ओळीत अडकतात. कोणत्या कपाटातून, कुलूप कोणाचं, 180 मिली की 750, सील शाबूत की फुटलेलं, आत किती शिल्लक, हे सगळं लिहायला लावा. पंच म्हणून रेक्टरच्या हाताखालचा वॉचमन उभा केला असेल, तर त्याचं नाव लक्षात ठेवा.

"राजपत्रित अधिकारी बोलवा" हा हक्क अमली पदार्थांच्या कायद्यातला, तोही अंगझडतीपुरता. दारूच्या केसमध्ये तो सांगून उपयोग नाही. मुलीची अंगझडती मात्र महिलेनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर तिला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी, तिन्ही लागतं.

रक्ततपासणीला अंगाने विरोध करू नका. महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात गरजेपुरता बळाचा वापर करायची मुभा आहे. आकडे दोन आहेत: गाडी चालवताना 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा, तर दारूबंदी कायद्यात 50 पासून प्यायल्याचं गृहीत धरतात. रक्त काढताना स्पिरिटचा बोळा वापरायचा नाही, असा नियम आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरांचा हात सवयीने त्या बोळ्याकडेच जातो, तेव्हा सुई टोचण्याआधी बोला.

ठाण्यात अटकेचं कारण सांगणं, घरी कळवणं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं बंधनकारक आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, आणि जबाबावर तुमची सही लागतच नाही. वकिलाला पैसे नसतील तर 15100 वर फोन लावा. अटकेतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.