आमची वाटचाल : कार्ड, पाच पायऱ्या आणि हिरवे ठिपके

करिअर शिक्षणातल्या विद्यार्थ्यांची उद्दिष्टं ठरवायची आणि ती पुरी होईपर्यंत माग सोडायचा नाही, हे आमचं काम. "म्हणजे ॲप का?" असं कुणी विचारलं की अजून डोकं फिरतं. आमचं खरं हत्यार कार्ड आहे. डावीकडे विद्यार्थ्याच्या शब्दांत उद्दिष्ट, मधे पाच पायऱ्या, उजवीकडे पुरावा आणि पुढच्या आढाव्याची तारीख. पायऱ्या आमच्या नाहीत, ते श्रेय किरेसुक आणि शेरमन या संशोधकांचं. १९६८ साली मानसिक आरोग्यसेवेसाठी त्यांनी उणे दोन ते अधिक दोन अशी मोजपट्टी मांडली. शून्य म्हणजे अपेक्षेइतकं झालं. ती वर्कशॉपमध्येही चालते हे आम्ही दाखवलं, आणि पुराव्याचा रकाना मात्र आमचाच.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एक मोठी कंपनी डॅशबोर्ड, म्हणजे प्रगतीचा पडद्यावरचा तक्ता, घेऊन आली. धड्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की विद्यार्थ्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा! मुलगा समोर बसलेला असो वा नसो. संस्थाचालकांना तपासणीत दाखवायला रंगीत तक्ता मिळाला आणि आमची खाती, म्हणजे आमचं काम घेणाऱ्या संस्था, एकामागून एक गळाली. पगार उशिरा व्हायला लागले. ज्या भागीदाराबरोबर पहिलं कार्ड आखलं, तोही त्याच कंपनीत गेला. त्याबद्दल इथे लिहीत नाही. लिहायला बसलो तर थांबणार नाही.

एक सर तेवढे राहिले. वेल्डिंग शिकवणारे निदेशक. कार्डं हत्यारांच्या कपाटातच ठेवायचे, त्यांवर ग्रीजचे डाग. भरती करायला आलेल्या एका कारखान्याच्या माणसाने शेजारच्या तुकडीचा तक्ता पाहून विचारलं, "शंभर टक्के म्हणजे याला नेमकं काय येतं?" कुणालाच सांगता येईना. सरांनी कार्ड पुढे केलं: उद्दिष्ट उभ्या जोडाचं, पहिल्या आढाव्यात उणे एक, पुढच्यात शून्य, सोबत वाकवून तपासलेल्या तुकड्याचा फोटो. त्या माणसाने बाकीची कार्डंही मागून घेतली. त्यानंतर गेलेली काही खाती परत आली.

विचारलं नाहीत तरी सांगतो. "नोकरी मिळवीन" हे शिकण्याचं उद्दिष्ट नव्हे. ते मालकाच्या हातात असतं. "तीन जाहिरातींना तीन वेगळे अर्ज लिहीन आणि त्या क्षेत्रातल्या माणसाकडून तपासून घेईन" हे उद्दिष्ट. पायऱ्या काम सुरू होण्याआधी लिहा, नाहीतर जे झालं त्यालाच शून्य म्हणायचा मोह होतो. आणि आढावा सत्राच्या शेवटी ढकलू नका. तेव्हा फक्त सह्या होतात.

आता त्या कंपनीच्या नव्या आवृत्तीत पाच पायऱ्या आल्यात. पुराव्याचा रकाना आहे, पण तो रिकामा ठेवला तरी ठिपका हिरवा होतोच.