वाळत घातलेलं वटवाघूळ

आमच्या गच्चीवरच्या दोरीला दोन वर्षं एक वटवाघूळ वाळत होतं. एका बाजूला माझे बनियन, दुसऱ्या बाजूला हिचा गाऊन आणि मधे तो काळा टी-शर्ट. छातीवर पिवळा लंबगोल आणि त्यात पंख पसरलेलं वटवाघूळ, म्हणजे बॅटमॅनची खूण. परभणीच्या उन्हापुढं काळा रंग कितीसा टिकणार? पहिल्या एप्रिलातच कोळशाची राख झाली आणि पिवळ्या गोलाला आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. शेजारच्या काकूंनी एकदा कठड्यावरून विचारलंसुद्धा, "काहो भाऊ, असलं अशुभ काहून घालता लेकराच्या अंगात?"

लेकरू माझं नव्हे, बहिणीचं. नाव लिहिलं तर महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, म्हणून नुसता भाचा म्हणतो. गाव गंगाखेड तालुक्यात. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा जो तो म्हणाला, लातूरला टाका. लातूरचा खर्च ऐकून दाजी गप्प बसले आणि बहीण मला म्हणाली, "दादा, तुझ्याकडंच ठेव." माझी मुलगी नोकरीला पुण्यात, तिची खोली रिकामी. नाही म्हणायला तोंड नव्हतं. शिवाय गंगाखेडची जनी दामाशेटींच्या घरी राहिली आणि संत झाली. आमचा भाचा निदान बारावी तरी होईल, असा हिशेब मी मनात केला.

कॉलेजच्या फॉर्मवर 'पालकाचे नाव' होतं, त्यापुढं 'नाते'. मी 'मामा' लिहिलं. खिडकीतल्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "वडील नाहीत का?" म्हटलं, आहेत, शेतात आहेत. त्यानं शिक्का मारला आणि मी पालक झालो. इतक्या स्वस्तात कोणी काही झालेलं मी नोकरीत पाहिलं नाही.

नोकरी म्हणजे आवक-जावक रजिस्टर. तीस वर्षं तेच केलं, त्यामुळं पोरगं घरात आल्यावर मी काय करावं? रजिस्टर घातलं. दोनशे पानी वही, उभ्या रेघा, तारीख, बाहेर जाण्याची वेळ, परत येण्याची वेळ, कारण. पहाटे पाचला दार वाजवायचं, रात्री दहाला मोबाइल माझ्या उशाशी. आपण फार मोठं काम करतोय असं मला वाटायचं. कट्ट्यावर सांगायचोसुद्धा, "शिस्त लागते हो, शिस्त." हिनं एक-दोनदा म्हणून पाहिलं, की अहो, तो पाहुणा आहे का कैदी ते एकदा ठरवा. मी ऐकलं नाही.

मग क्लासच्या चाचणीत फिजिक्सला पन्नासपैकी अकरा आले. कागद माझ्या हातात आणि मी बोलून गेलो, "तुझा बाप तिकडं कापूस विकून तुझी फी भरतो आणि तू छातीवर वटवाघळं लावून हिंडतो." वाक्य संपायच्या आत कळलं की हे बोलायचं नव्हतं. पण रागात सुटलेलं वाक्य आणि उताराला लागलेली बैलगाडी, मधे थांबत नाही. तो जेवला नाही. त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात 'हो' आणि 'नाही' एवढेच शब्द होते.

कोंडी फुटली ती नळामुळं. आमच्या गल्लीत नळ येतात ते आठ-दहा दिवसांनी आणि शक्यतो माणूस गाढ झोपेत असताना. त्या रात्री पावणेदोनला "नळ आले, नळ आले" अशी हाक गल्लीत फिरली. मी खाली मोटारीपाशी, तो वर टाकीत नळी धरून. मोटार लागली तसा मीही गच्चीवर गेलो. अंधार, नळीची धडधड, आणि तो अंगात तोच टी-शर्ट घालून टाकीवर उकिडवा बसलेला. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "काय रे, तुझा हा बॅटमॅनपण रात्रीचीच ड्युटी करतो ना?"

"हो. पण पाण्यासाठी नाही."

तीन आठवड्यांतलं पहिलं अख्खं वाक्य. मी इतका हसलो की नळी सुटली आणि दोघंही भिजलो.

तिथून नळ येण्याच्या रात्री म्हणजे कीर्तनाच्या रात्री झाल्या. आठवडाभर वाट बघायची आणि टाकी भरेपर्यंतचा मजकूर ऐकायचा. मी माझी बाजू आधीच मांडून ठेवली होती. आमच्या लहानपणी वेताळ होता, एकविसावा वेताळ. इंद्रजाल कॉमिक्सच्या एकेका अंकासाठी आम्ही मारामाऱ्या केल्यात. चारशे वर्षं बापानंतर मुलगा, मुलानंतर त्याचा मुलगा, तोच मुखवटा, तीच कवटीची गुहा. पाटीलकीच म्हणा ना. भाचा म्हणाला, "तिथं शिकवायचा प्रश्नच नाही मामा, सातबारावर नाव लागल्यासारखं आहे. आमच्या माणसाला पोरगंच नव्हतं."

त्याचा माणूस, म्हणजे बॅटमॅन, अमेरिकेतल्या चित्रकथांत १९३९ साली जन्मला. आईबाप डोळ्यांदेखत मारले गेले, म्हणून रात्री मुखवटा घालून गुंडांना हाणतो, एवढीच गोष्ट. वर्षभर एकटाच हिंडला. १९४० मध्ये त्याच्यासोबत एक पोरगं आलं. सर्कशीतल्या झुल्यावरच्या जोडप्याचं, डिक ग्रेसन त्याचं नाव. मालकानं खंडणी दिली नाही म्हणून गुंडांनी झुल्याचे दोर खराब केले आणि दोघं वरून पडून गेले. बॅटमॅननं पोराला घरी आणलं, शिकवलं, रॉबिन नाव दिलं. कपडे मात्र काय दिले? लाल अंगरखा, हिरवी चड्डी, पिवळा शेला. स्वतः अंधारात दिसू नये म्हणून काळ्यात आणि लेकराला ट्रॅफिक सिग्नलचे तिन्ही रंग! यावर भाच्याकडंही उत्तर नव्हतं.

"पण रॉबिन आणला कशाला माहितीय का?" तो म्हणाला. "गोष्टी लिहिणारा बिल फिंगर म्हणून होता. त्याचं म्हणणं, शेरलॉक होम्सला वॉटसन आहे, याला बोलायलाच कोणी नाही. सारखं आपलं मनातल्या मनात. मग पोरगं आलं आणि अंकांचा खप जवळजवळ दुप्पट झाला."

बोलायला कोणी नाही म्हणून. मुलगी पुण्याला गेल्यापासून आम्ही दोघं नवरा-बायको संध्याकाळी टीव्हीतल्या बातम्यांशी बोलायचो, ते मला त्या क्षणी का आठवावं? मी मोटार बंद करायला खाली गेलो. टाकी भरायला अजून वेळ होता, पण गेलो.

पुढच्या रात्रींत मी जे ऐकलं त्यातून माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की या बॅटमॅनला मारामारी पहिल्या दिवसापासून येत होती, पालकपण मात्र येत नव्हतं. ते तो पोरांच्या जिवावर शिकला. डिक कायद्यानं त्याचा मुलगा नव्हताच, पाल्य होता. आपल्या फॉर्मवर असतो तोच शब्द. डिक मोठा झाला, मालकाची सावली नको म्हणून १९८४ मध्ये वेगळं नाव घेऊन बाजूला निघाला, नाइटविंग झाला. आणि 'मी तुला दत्तक घेऊ का' हे या माणसानं त्याला विचारलं ते २००१ मध्ये. एकसष्ट वर्षांनी! गोष्टीतलं वय कमी धरलं तरी पोरगं मिशा फुटून बाप्या झाल्यावर. मी म्हटलं, हा नक्की मराठवाड्यातला असणार. आमच्याकडं बाप पोरांवर माया करतो, पण ती पोराला शेजाऱ्याकडून कळते.

दुसरं पोरगं जेसन टॉड. याची भेट मला फार आवडली. बॅटमॅन अंधाऱ्या गल्लीत गाडी लावून गेला, परत येतो तो हे पोरगं त्याच्याच गाडीची चाकं खोलतंय. आमच्या लहानपणी बाजारात लुना लावली की प्लग जायचा, तसंच. या माणसानं त्याला पोलिसात द्यायचं सोडून पुढं घरी नेलं आणि रॉबिन केलं. पण हे पोरगं तापट, उलट बोलणारं, वाचकांना आवडेना. मग १९८८ मध्ये अंक काढणाऱ्या कंपनीनं एक भलतंच केलं. गोष्ट अशा ठिकाणी आणून थांबवली, की बॅटमॅनचा वैरी जोकर, त्यानं पोराला पहारीनं झोडपलंय आणि स्फोट झालाय. पुढं दोन फोन नंबर दिले. पोरगं जगावं असं वाटत असेल तर हा लावा, मरावं वाटत असेल तर तो.

"मग?"

"मरावं म्हणणारे पाच हजार तीनशे त्रेचाळीस. जगावं म्हणणारे पाच हजार दोनशे एकाहत्तर."

बहात्तर मतं. आमच्या ग्रामपंचायतीला एक वॉर्ड एवढ्या फरकानं जातो. आकडे त्याला तोंडपाठ. 'फिजिक्सची सूत्रं का रे अशी पाठ होत नाहीत' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. मी ते गिळलं. गिळताना आवाज झाला असावा, कारण तो माझ्याकडं बघत होता.

"त्याचे कपडे बॅटमॅननं आपल्या गुहेत ठेवलेत, काचेच्या कपाटात," तो म्हणाला. "रोज येता-जाता दिसतील असे."

"आणि पुढं?"

"पुढं तो चिडका झाला. गरज नसताना मारायचा, स्वतःलाही लागून घ्यायचा. मग टिम ड्रेक आला, १९८९ मध्ये. हा तर तेव्हा अनाथपण नव्हता, आईबाप होते त्याचे. मुखवट्यामागं कोण आहे ते त्यानं स्वतः शोधून काढलं आणि घरी येऊन सांगितलं, की बॅटमॅनला रॉबिन लागतो."

"पोराला गुरू लागतो म्हणून नाही?"

"नाही ना. त्याला धरून ठेवायला कोणीतरी पाहिजे म्हणून."

टाकी भरून वाहायला लागली होती. वाहू दिली. आमच्या गल्लीत हे पाप आहे, पण दिली.

नंतर त्या माणसाला सख्खा मुलगाही भेटतो म्हणे, डेमियन. मारेकऱ्यांत वाढलेला, कुणाचं न ऐकणारा. काही काळ त्याला शिकवायचं काम कोणावर येतं, तर थोरल्या डिकवर. हे मला विशेष वाटलं नाही. चार भावंडांच्या घरात थोरलं लेकरूच धाकट्याचा अभ्यास घेतं, बाप फक्त प्रगतिपुस्तकावर सही करतो.

माझं रजिस्टर तेवढ्यात कधीतरी बंद पडलं. बंद केलं म्हणणार नाही, उगाच श्रेय नको. लिहायचं राहून गेलं एवढंच. महिनाभरानं वही उघडली तर नोंदी चालूच होत्या, अक्षर मात्र त्याचं. 'मामा. बाहेर ६.१०, परत ८.४०, कारण: कट्टा.' 'मामा. बाहेर ११.००, परत १.३०, कारण: कोथिंबीर.' शेवटच्या नोंदीपुढं शेरा होता, 'अडीच तास? खुलासा घ्यावा.'

या सगळ्यात राबणारा आल्फ्रेड नावाचा एक नोकर आहे, १९४३ पासूनचा. पोरक्या बॅटमॅनला पुढं ज्यानं वाढवलं असं दाखवलंय, तो हाच. जखमा शिवतो, जेवण झाकून ठेवतो आणि मधूनमधून टोमणा मारतो. भाचा म्हणाला, आपल्या घरात मामी आल्फ्रेड आहेत. रुसलेल्या त्या रात्रीही ताटाखाली झाकलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याला अकराला मिळाली होती, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, "आणि मी?" त्यानं नळी दुसऱ्या टाकीत टाकली. उत्तर आजतागायत दिलेलं नाही.

बारावी झाली. फिजिक्स निघालं, फार नाही पण निघालं. आता नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. जाताना बॅग नीट भरली, टी-शर्ट मात्र दोरीवरच राहिला. आपणहून ठेवला की विसरला ते मी विचारलं नाही. नळ अजून येतातच. नळी मी धरतो आणि मोटारीला ही उभी राहते. दोघांच्या मधे दोन मजले असल्यानं बोलणं होत नाही.

दिवाळीच्या आधी घर काढलं. जाळ्या काढून झाल्या आणि हिनं फरशीला फडकं म्हणून दोरीवरचा तो टी-शर्ट ओढला. बगलेत टर्रकन फाडला. मी शिडीवर होतो. "अगं, तो नको," मी ओरडलो, जरा जास्तच जोरात.

तिनं फाटका टी-शर्ट हातात धरून वर बघितलं. तिला त्या गोष्टींतलं काही माहीत नाही. नळाच्या रात्री ती झोपलेली असायची.

"मग काय," ती म्हणाली, "काचेच्या कपाटात ठेवू?"