आमची वाटचाल: मेल सर्व्हर आणि उलटी नोंद

लहान कारखाने आणि पतसंस्थांचे मेल सर्व्हर उभारणं हे आमच्या फर्मचं मुख्य काम. सुरुवातीला आमच्या यादीत पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावरून) त्याचं नाव सांगणारी उलटी नोंद, शेवटी असायचा. आता सर्व्हरवर काहीही बसवण्याआधी आम्ही तोच मागून घेतो, कारण तो आपल्या हातात नसतो. डोमेनच्या पॅनेलमध्ये ए रेकॉर्ड, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी सरळ नोंद, आपण भरतो. पीटीआर मात्र ज्याच्याकडून आयपी घेतला त्याच्याकडूनच होतो. क्लाउड सर्व्हर असेल तर त्याच्या पॅनेलमध्ये बहुतेकदा ‘रिव्हर्स डीएनएस’चा रकाना मिळतो. लीज लाइन (भाड्याची स्वतंत्र इंटरनेट जोडणी) असेल तर आयएसपीला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, आयपी आणि सर्व्हरचं पूर्ण नाव लेखी कळवायचं.

समजा आयपी २०३.०.११३.२५ आणि नाव मेल.एक्झाम्पल.कॉम. २५.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा या उलट्या पत्त्यावर ते नाव दिसलं पाहिजे आणि त्या नावाचा ए रेकॉर्ड पुन्हा त्याच आयपीवर आला पाहिजे. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘मायहोस्टनेम’ या सेटिंगलाही तेच नाव द्यायचं. एका आयपीला एकच पीटीआर पुरे. सर्व्हरवर दहा डोमेन असली तरी पाठवणाऱ्याच्या डोमेनशी तो जुळायची गरज नसते. त्या डोमेनसाठी एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या नोंदी) वेगळे करावे लागतात. आयएसपीने आपोआप दिलेलं, आयपीचे आकडे गुंफलेलं नाव तसंच ठेवू नये. घरगुती ब्रॉडबँड समजून काही सर्व्हर ते नाकारतात.

जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दोन्ही बाजू जुळणं सक्तीचं केलं. न जुळल्यास ५५०-५.७.२५ हा कोड घेऊन मेल परत येते. सगळं बरोबर असूनही मोजक्याच मेल परत येत असतील, तर आम्ही आधी आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता, बघतो. क्लाउड सर्व्हरला तो पत्ता अनेकदा आयताच मिळालेला असतो, पीटीआर मात्र फक्त आयपीव्ही४चा केलेला असतो. एक तर त्याचाही पीटीआर करावा, नाहीतर पोस्टफिक्समधलं ‘इनेट प्रोटोकॉल्स’ हे सेटिंग आयपीव्ही४वर ठेवून पोस्टफिक्स बंद करून पुन्हा सुरू करावं. नुसतं रिलोड पुरत नाही. फायरवॉलमागच्या सर्व्हरची मेल कधी कधी भलत्याच आयपीने बाहेर पडते, तेही तपासावं. पोचलेल्या मेलच्या हेडरमध्ये खरा आयपी दिसतो. ‘डिग -एक्स’ ही उलटी नोंद दाखवणारी कमांड त्याच्यावर चालवायची.

ग्राहक लाइन बदलणार असेल तर जुनी बंद होण्याआधीच नव्या आयपीचा पीटीआर आम्ही करून घेतो. ए रेकॉर्डचा टीटीएल (इतरांनी ते उत्तर जपून ठेवायची मुदत) ८६,४०० सेकंद असेल तर जुनं उत्तर दिवसभर रेंगाळतं, म्हणून दोन दिवस आधी तो ३०० वर आणतो.