पिशवीतल्या गोळ्या आणि त्यांच्या तारखा

न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या ८१ वर्षांच्या आजी. तक्रार मुलानेच मांडली: तीन महिन्यांत विसरणं फार वाढलंय, संध्याकाळ झाली की गोंधळतात, दोनदा तोल गेला, स्मरणशक्तीची गोळी लिहून द्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्या सत्रात माझ्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती, प्रौढ आणि वृद्धांच्या प्राथमिक सेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) होण्याच्या शेवटच्या टप्प्यातली. ही केस मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. नोंदणीकृत नर्सने पदवीनंतर करायची ही मास्टर्स किंवा डॉक्टरेट. विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि शारीरिक तपासणी हे तीन प्रगत विषय म्हणजे पाया. त्यावर रुग्णांसोबतचे तास: पूर्वी किमान ५००, २०२२च्या राष्ट्रीय निकषांनी ते ७५० केले. प्रौढ आणि वृद्ध या आधी वेगळ्या असलेल्या शाखा २००८च्या आराखड्याने एकत्र आल्या, त्यामुळे किशोरवयापासून नव्वदीपर्यंतचे रुग्ण एकाच पदवीत बसतात. यातली अडचण अशी, की तास पूर्ण होतात, पण त्यातले सत्तरीपुढचे रुग्ण किती, हे दवाखान्यावर ठरतं. विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणाची जागा स्वीकारण्याआधी हे विचारलंच पाहिजे.

ही विद्यार्थिनी अतिदक्षता विभागातून आलेली. तिथे आकडा खाली गेला की मिनिटभरात औषध सुरू होतं. वृद्धांच्या बाह्यरुग्ण सेवेत क्रम उलटा: नवं लक्षण दिसलं की पहिला संशय जुन्या औषधावर.

मी मराठी बोलते म्हणून तिला सूट नव्हती. फोनवरचा प्रशिक्षित दुभाषी घेऊन तिने आजींशी स्वतः बोलायचं, मुलाला थोडा वेळ बाहेर बसवून. लघवीची तक्रार आई मुलाच्या तोंडून सांगत नाही. आजींनीही मग सगळं सांगितलं: रात्री चारदा उठावं लागतं, हल्ली लघवी नीट होत नाही, तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही.

अपॉइंटमेंट देतानाच आम्ही घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगतो. संगणकातली यादी पुरत नाही. पिशवीतून निघालेली प्रत्येक गोळी तिने टेबलावर मांडली आणि एकच काम केलं: कोणती, कोणी, कधी, कशासाठी सुरू केली ते तारखेच्या क्रमाने लिहिलं. पुण्याहून आणलेली एक स्ट्रिप होती; मागचं बारीक अक्षर वाचल्यावर कळलं, त्यात रक्तदाबाची दोन औषधं, टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. इथल्या बाटलीत अ‍ॅम्लोडिपिन १०. म्हणजे रोज १५, कमाल मात्रा १० असताना. नावं वेगळी, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढची साखळी त्या कागदावरच दिसली. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते. बारीक धमन्या सैल पडून केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या औषधाने ती फारशी उतरत नाही. तरी फ्युरोसेमाइड २० सुरू झालं होतं. मग वारंवार आणि घाईने लघवी, म्हणून दुसरीकडून मूत्राशयाचं आकुंचन कमी करणारं ऑक्सिब्युटिनिन ५, दिवसातून दोनदा. ते साडेतीन महिन्यांपूर्वीचं. झोपमोड होते म्हणून मुलाने दुकानातून झोपेची गोळी आणली: डायफेनहायड्रामिन. शेवटची दोन्ही औषधं मेंदूत स्मृतीच्या कामी येणाऱ्या रसायनाला, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनला अडवतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स निकषांत (वृद्धांना कोणती औषधं टाळावीत ते सांगणाऱ्या) डायफेनहायड्रामिन टाळण्याच्या यादीत आहे, आणि अशी दोन औषधं एकत्र देणंही टाळायला सांगितलंय.

तपासणीत रक्तदाब योग्य रीतीने घेतला: पाच मिनिटं आडवं झोपवून, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. आडवं असताना १३८/७६, उभं राहिल्यावर ११२/६६, मग ११०/६४. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो असं धरतात. बसवून घेतलेला एकच आकडा हे लपवतो, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमकं तेच होतं. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला १९ सेकंद लागले. १२च्या पुढे पडण्याचा धोका धरतात. लघवी झाल्यावर मूत्राशयात २४० मिलिलिटर उरलेली. मिनी-कॉगमध्ये (तीन शब्द आठवणं आणि घड्याळाचं चित्र काढणं, अशी छोटी स्मृतिचाचणी) पाचपैकी एक गुण. पण आजी चौथी शिकलेल्या, हातात पेन क्वचितच. घड्याळाच्या चित्रावरून त्यांच्या स्मृतीचा निवाडा करायला मी तयार नव्हते.

मुलाने मागितलेली गोळी, डोनेपेझिल, अ‍ॅसिटिलकोलिन वाढवते. ऑक्सिब्युटिनिन त्यालाच अडवतं. दोन्ही सोबत देणं निरर्थक, शिवाय डोनेपेझिलने लघवीची घाई वाढते. ती लिहिली असती तर साखळीला आणखी एक कडी जोडली गेली असती.

सगळं एकदम बंद करायचं नाही, नाहीतर काय कशाने सुधारलं ते कळत नाही आणि बिघडलं तर सावरता येत नाही. पहिल्या दिवशी झोपेची गोळी आणि ऑक्सिब्युटिनिन बंद, अ‍ॅम्लोडिपिन फक्त पाच. फुप्फुसं स्वच्छ, मानेतली शीर फुगलेली नाही, बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) सामान्य. म्हणून आठवड्याने फ्युरोसेमाइडही थांबवलं. घरी रोज सकाळी वजन. दिवसात तीन किंवा आठवड्यात पाच पाउंड वाढलं तर लगेच फोन. रक्तातलं सोडियम थोडं कमी, १३२ होतं, ते पुन्हा तपासलं. बी-१२ कमी निघालं, शाकाहारी मराठी घरांत ते हमखास पाहावं. रोज १००० मायक्रोग्रॅम सुरू केलं.

दोन आठवड्यांनी मूत्राशयात ६० मिलिलिटर, पायांची सूज निम्म्यावर. सहा आठवड्यांनी संध्याकाळचा गोंधळ थांबला, मिनी-कॉग चार. विसरणं पूर्ण गेलेलं नव्हतं. निदानाचा रकाना आम्ही उघडाच ठेवला, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरवून. सुधारणेत बी-१२चा वाटा किती, हेही वेगळं काढता येत नाही, आणि विद्यार्थिनीने नोंदीत तसं स्पष्ट लिहिलं.

एक काम मात्र बहुतेक विद्यार्थी विसरतात. औषध बंद केल्याचं आपल्या नोंदीत लिहून भागत नाही. फार्मसीचं आपोआप रिफिल चालूच राहतं आणि महिन्याभरात तीच बाटली घरी पोचते. तिने दोन्ही फार्मसींना फोन करून रिफिल रद्द केली, ऑक्सिब्युटिनिन लिहिणाऱ्या दवाखान्याला कारणासह पत्र पाठवलं, आणि घरच्यांना चालू औषधांची मराठी यादी दिली. पुण्याच्या स्ट्रिपऐवजी तीच दोन औषधं इथून लिहून दिली होती. त्यांच्यापुढे ‘पुण्याची स्ट्रिप आता घ्यायची नाही’ असं ठळक लिहिलं.