पाटे बसलेलं विमान

भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करताना माझं कोपर लागलं आणि आबांच्या ऑफिसातलं विमान खाली आलं. काच फुटली, चौकटीचा एक कोपरा उकलला. आतून बायको म्हणाली, "बरं झालं." ते चित्र तिला कधीच आवडलं नव्हतं. हॉलमध्ये लोक धबधबे लावतात, सूर्यास्त लावतात, आणि आमच्याकडं चिखलात उभं असलेलं एक मळकट विमान.

आबांचा ट्रान्स्पोर्टचा धंदा होता. मार्केट यार्डाजवळ एक गाळा, त्यात टेबल, फोन, बिल्ट्यांची पुस्तकं. भिंतीवर अंबाबाई, जोतिबा आणि तिसरं हे विमान. मुंबईला गूळ उतरवून रिकाम्या गाडीनं परत येताना एका ड्रायव्हरनं जुन्या बाजारातून ते उचललं होतं. कुठल्या तरी परदेशी चित्राची छापील प्रत. पावसानं भिजलेली धावपट्टी, मागं धुरकट डोंगर, दाराला पाठ लावून उभा असलेला एक लष्करी ट्रक आणि ट्रकातून विमानात पोती देणारी चारपाच माणसं. विमान डाकोटा होतं, दुसऱ्या महायुद्धातलं मालवाहू, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आबांना ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांचं काही अडलंही नाही. त्यांनी ते चित्र लावलं होतं ट्रकसाठी.

पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती. विमानाचं पुढचं चाक, म्हणजे इंजिनाखालचं, खाली चेपलेलं दाखवलं होतं. रबर बाजूला फुगलेलं, आणि त्याच्याभोवती चिखल वर आलेला. आबा ड्रायव्हर लोकांना बोट लावून दाखवायचे, "पाटे बसल्यात बघ. माल भरलाय आत." पाटे म्हणजे ट्रकच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. विमानाला पाटे नसतात, हे त्यांना कोण सांगणार? आयुष्यभर त्यांनी गाडीतलं वजन काट्यावर जाण्याआधी पाट्यांवरून ओळखलं होतं. चित्र काढणारा माणूस आपल्यातला आहे, याची त्यांना त्या चाकावरून खात्री पटली होती.

पुढं मला या प्रकारच्या चित्रांचा नाद लागला. विमानांची चित्रं काढणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. खिळ्याखिळ्याचा हिशोब ठेवणारे लोक. शेपटीवरचा नंबर चुकला तर पाहणारे चित्रकाराला माफ करत नाहीत. छापील प्रतींवर खाली पेन्सिलीनं त्या लढाईतल्या वैमानिकांच्या सह्या घेतात, आणि सह्यांवर किंमत चढते. या पंथातही मान लढाऊ विमानांचा. स्पिटफायर, मस्टँग, तिरपी होऊन ढगातून खाली येणारी, मागं धूर सोडणारी. मालवाहू विमान बिचारं बहुतेक वेळा सरळच उडतं. त्याच्याकडं बंदूक नाही, गिरकी नाही. चित्रकारानं करायचं काय? चांगला असेल तर तो वजन रंगवतो. बाकीचे मागं सूर्यास्त टाकतात.

आबांनी एकदा मला विचारलं होतं की यात किती माल बसतो. मी शोधून सांगितलं, साधारण २७०० किलो. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तीस किलोची धरली तर नव्वद रवे. आबांनी मान हलवली. आमची गाडी नऊ टन ओढायची. "एवढं धूड, दोन इंजिनं, आणि टेम्पोएवढा माल?" त्या दिवसापासून विमान त्यांच्या मनातून थोडं उतरलं. मी सांगायचा प्रयत्न केला की असली दहा हजारांवर विमानं बांधली, की आसामातून हिमालयाचा पूर्वेकडचा खांदा ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला याच्यासारख्या विमानांनी महायुद्धात साडेतीन वर्षांत साडेसहा लाख टन माल नेला. त्या वाटेवर सहाशेच्या आसपास विमानं पडली. खाली दऱ्यांत त्यांचे पत्रे इतके चमकायचे की वैमानिक त्या वाटेला अॅल्युमिनियमची वाट म्हणायचे. यावर आबा म्हणाले, "परतीचा माल काय मिळायचा?" ट्रान्स्पोर्टवाल्याचा खरा प्रश्न तोच.

आणखी एक गंमत त्यांना आवडली असती, पण ती मला उशिरा कळली. डाकोटाला शेपटीखाली एक छोटं चाक असतं, त्यामुळं जमिनीवर ते मागं बसलेल्या कुत्र्यासारखं नाक वर करून उभं राहतं. म्हणजे आतली जमीन चढाची. दार मागच्या बाजूला. आत घेतलेलं प्रत्येक पोतं पुढं न्यायचं तर चढावर ढकलत न्यायचं. पुढं पॅकेट नावाचं विमान आलं, आपल्या हवाई दलानंही ते बरीच वर्षं वापरलं, त्याची आतली जमीन सपाट आणि बरोबर ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला. मागं दोन लांब दांड्या, थेट हातगाडीसारख्या. हे विमान आखणाऱ्यानं आधी एकदा तरी स्वतः हमाली केली असणार असं मला वाटतं. १९६२ च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर राजे यांनी असलं पॅकेट लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरवलं, सोळा हजार फुटांच्याही वर. ते चित्र रंगवायचं झालं तर मी विमानापेक्षा धूळ जास्त रंगवीन.

असो. काच फुटली, म्हणून मी चित्र घेऊन गंगावेशीकडच्या एका फ्रेमवाल्याकडं गेलो. अण्णा आता फ्रेमा करतात, पूर्वी बोर्ड रंगवायचे. कोल्हापुरात हे काही जगावेगळं नाही. या गावात पेंटर हे आडनाव होऊ शकतं. बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले आणि आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचले. अण्णांनी तेवढी मजल मारली नाही, पण दुकानाच्या पाटीवर नावापुढं पेंटर अजून आहे.

त्यांनी चित्र उजेडात धरलं. "हाताचं हाय मूळ. ब्रश चांगला हाय गड्याचा." मग मी फोनवर साठवलेली बाकीची चित्रं दाखवायला लागलो. गिऱ्हाईक नव्हतं, त्यांनीही चहा मागवला.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीला, दोस्त फौजा उतरल्या त्याची चित्रं निघाली. ६ जून १९४४, आठशेवर डाकोटा पॅराशूटवाल्यांना घेऊन रात्री समुद्र ओलांडून निघालेल्या. पंखांवर, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत म्हणून. अण्णांनी एक चित्र मोठं करून पाहिलं. "हे पट्टे कवा मारले?" मी म्हटलं, शेवटच्या दोनतीन दिवसांत, गुप्तता राहावी म्हणून. ब्रश मिळेल तिथं ब्रश, नाहीतर झाडू घेऊन. अण्णा हसले. "मग एवढे सरळ कसे? घाईत मारलेला पट्टा वाकडाच येतोय. निवडणुकीच्या आदल्या रात्री आम्ही भिंती रंगवायचो न्हवं का." त्या काळचे फोटो पाहिले तर अण्णांचंच खरं आहे. कडा हललेल्या, रंग ओघळलेला. नंबर चुकला तर चित्रकाराला फाडून खाणारे लोक या सरळ पट्ट्यांना काही म्हणत नाहीत.

मग जर्मनांचं युंकर्स ५२ आलं. तीन इंजिनं, आणि सगळं अंग पन्हळी पत्र्याचं. अण्णा म्हणाले, "हे गोठ्याचं शेड उडालंय काय?" जर्मन सैनिक त्याला लाडानं टांटे यू म्हणायचे. टांटे म्हणजे मावशी, किंवा आत्या, किंवा काकू. जर्मनांना या तिघींसाठी एकच शब्द पुरतो, आणि त्यांच्या घरात लग्नकार्यं कशी निभतात कोण जाणे. मी मावशी धरतो, कारण जेवणखाण घेऊन यायची ती. निदान तशी अपेक्षा होती. १९४२ च्या हिवाळ्यात स्टालिनग्राडला अडकलेल्या फौजेला रोज कमीत कमी ३०० टन माल लागत होता. हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग, त्यानं हिटलरला शब्द देऊन टाकला की विमानानं पोचवतो. पोचला सरासरी १०० टनांच्या आसपास, आणि पाचशेच्या घरात विमानं गेली. आपल्याकडं गाड्या किती, रस्ता कसा, पाऊस कधी, हे न बघता बिल्टी फाडणारा माणूस आमच्या यार्डात महिनाभर टिकला नसता.

पन्हळी पत्रा रंगवणं मात्र अवघड, हे अण्णांनी सांगितलं. प्रत्येक पन्हळीला एक उजेडाची कड आणि एक सावलीची. मन लावून काढलं तर विमान जड दिसतं, कंटाळा केला की पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिसतो.

बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. या सगळ्या चित्रांत पाहणारा विमानाच्या शेजारी, हवेत तरंगत असतो. जणू चित्रकारानं ढगात स्टूल टाकलंय. लढाऊ विमानाला ते शोभतं. मालाच्या विमानाची वाट बघणारा माणूस मात्र खाली असतो, आणि त्याला वरच्या बाजूचा सूर्यास्त कधीच दिसत नाही. त्याला पोट दिसतं.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक टेकडीवर ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड वेढली गेली होती. तिच्याबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन होती. टेकडी एवढीशी, पाणी जवळपास नाहीच. डाकोटा आल्या, दारातून माल ढकलला, आणि जागा इतकी चिमटीतली की पॅराशूटं बहुतांश जपान्यांच्या हद्दीत जाऊन पडली. आपल्याकडच्या सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत आहे. तसल्या कुठल्या तरी गावचा एक जवान मान वर करून आपलं जेवण शत्रूकडं वाहत जाताना बघतोय, हे चित्र मला कुठं सापडलेलं नाही. विमानाच्या आतलंही नाही. दारात माल ढकलणारे पाठीवर पडून दोन्ही पायांनी पोती लाथाडायचे, त्यांना किकर असंच नाव पडलं होतं. तांदूळ पॅराशूटशिवाय टाकायचा, म्हणून पोत्यात पोतं घालायचे. आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवायचं. पॅराशूटचं कापड पुरेना तेव्हा बर्माच्या आघाडीवरचे सेनापती स्लिम साहेब, त्यांच्या फौजेनं कलकत्त्यात चक्क तागाची पॅराशूटं करवून घेतली. गोणपाटाची! आबांना हे सांगायला हवं होतं. आणि त्याच मार्चमध्ये बर्मात खेचरं विमानानं नेली, मध्ये बांबू बांधून. खेचराचा चेहरा रंगवायची केवढी संधी.

खालून पोट बघणं म्हणजे काय, ते मला थोडंसं माहीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मी कुरुंदवाडला बहिणीकडं अडकलो होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी कोल्हापुरात ती ५५ च्या वर गेली. आम्ही गच्चीवर. खाली पाणी, पाण्यात शेजाऱ्यांच्या गोठ्याचा नुसता पत्रा. दुपारी हेलिकॉप्टर आलं. आवाज आधी छातीत येतो, मग कानात. मी आयुष्यभर विमानांची चित्रं जमवलेला माणूस, पण ते कुठल्या जातीचं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त दार बघत होतो. दारात एक माणूस, त्याचे बूट, आणि हातातली पिशवी. पिशवी दोन घरं पलीकडच्या गच्चीवर पडली. त्यांनी दोरीनं अर्धी आमच्याकडं सोडली. चुरमुरे, बिस्किटं आणि, का कोण जाणे, एक काडेपेटी.

अण्णांनी तोवर जुनी चौकट उघडली होती. मागची खाकी पट्टी टरकावली, खिळे काढले, पिवळा पडलेला माउंट उचलला. आणि म्हणाले, "दादा, हे बघा."

माउंटच्या खाली डाव्या बाजूला चित्राची दोन बोटं पट्टी दडलेली होती. कुणीतरी ती चौकटीच्या मापासाठी झाकून टाकली होती. रंग अजून ताजा, कारण उजेड लागलाच नव्हता. पट्टीत एक माणूस रिकाम्या पोत्यावर बसलेला. विमानाकडं पाठ, पायातले बूट काढून शेजारी ठेवलेले, हातात पत्र्याचा मग. त्याचा वरचा निम्मा गुडघा तेवढा पूर्वी चित्रात दिसायचा, आणि आम्ही सगळे त्याला इतकी वर्षं दगड समजत होतो.

"जुन्याच मापात बसवू, का ह्याला घेऊन? घेतलं तर चौकट नवी लागंल. तीनशे रुपये जास्त पडतील."

मी घेऊन म्हटलं.

आता चित्र दोन बोटं रुंद झालंय, त्यामुळं कॅलेंडर आणि दार यांच्यामधल्या जुन्या जागेत मावत नाही. सध्या फ्रिजशेजारी लटकतंय. बायकोनं परवा चहा गाळता गाळता त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "ह्यानं बूट का काढलेत?"