नाथसागराच्या काठावरून बाब-अल-मंदेब

उन्हाळा लागला की आमच्या पैठणला सकाळच्या वर्तमानपत्रात आधी जायकवाडीचा, म्हणजे नाथसागराचा साठा पाहतात आणि लगेच बाष्पीभवनाने किती पाणी उडाले तेही वाचतात. त्या आकड्यांची सवय असल्यामुळेच तांबड्या समुद्राचा हिशेब मला विलक्षण वाटला. त्या समुद्राला बारमाही नदी मिळत नाही, पाऊस नावापुरता पडतो आणि वर्षाला सुमारे 2 मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. ही तूट येमेन आणि आफ्रिकेच्या मधल्या, जेमतेम 30 किलोमीटर रुंदीच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून भरून निघते.

हिवाळ्यात तिथला व्यवहार सरळ असतो. दक्षिणेकडच्या वाऱ्याबरोबर सामुद्रधुनीपलीकडच्या एडनच्या आखाताचे कमी खारे पाणी वरून आत शिरते, तर बाष्पीभवनाने खारट आणि जड झालेले पाणी तळाने बाहेर पडते. 1995-96 मध्ये तिथे प्रवाहमापक यंत्रे ठेवून केलेल्या मोजणीत हा तळाचा विसर्ग हिवाळ्यात सेकंदाला सुमारे 6 लाख घनमीटर, म्हणजे 0.6 दलघमी (दशलक्ष घनमीटर) आढळला. जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे 2,170 दलघमी आहे, म्हणजे ज्या धरणासाठी आम्ही वर्षभर आभाळाकडे आणि नाशिककडे डोळे लावून बसतो, ते या वेगाने तासाभरात भरेल. हे गणित मी दोनदा करून पाहिले.

जूनमध्ये मात्र सारे पालटते. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची आमचा शेतकरी पेरणीसाठी वाट पाहतो, तेच वारे एडनच्या आखातातले खालचे थंड पाणी वर आणतात, आणि त्याच काळात तांबड्या समुद्रावरचा वारा संपूर्ण लांबीभर उत्तरेकडून वाहू लागतो. मग सामुद्रधुनीत दोनाऐवजी तीन थर होतात: वरचे उबदार पाणी बाहेर जाते, मधून आखाताचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी आत घुसते आणि तळाचा विसर्ग ऑगस्टमध्ये हिवाळ्याच्या जवळजवळ बाराव्या हिश्शावर येतो. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मधला थर, कारण तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागातल्या जीवसृष्टीला लागणारे पोषण मुख्यतः तोच पुरवतो.

इकडे परतीचा पाऊस सुरू होईपर्यंत तिकडचा वारा पुन्हा फिरतो, मधला थर विरतो आणि तळाचे खारे पाणी पुन्हा जोराने बाहेर पडू लागते.